मोबाईलवरून नोकरीचा अर्ज कसा करायचा? माझ्या ६३ अर्जांतून शिकलेल्या गोष्टी



बी.कॉम. झाल्यावर आठ महिन्यांत मी ६३ ठिकाणी नोकरीचे अर्ज केले. घरी लॅपटॉप नव्हता, म्हणून सगळे अर्ज मोबाईलवरूनच. त्यातून फोन किती आले? दोन. आणि त्यातला एक "आधी रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणणारा.

बार्शीत घरी बसून रोज संध्याकाळी वडिलांचा एकच प्रश्न असायचा, "काय रे, आला का कुठून फोन?" नंतर नंतर त्यांनी विचारणंही बंद केलं. ते जास्त टोचायचं.

मला वाटायचं, आपल्याला इंग्रजी येत नाही, ओळख नाही, म्हणून फोन येत नाहीत. पण खरी अडचण वेगळीच होती. ती माझ्या फोनमध्येच होती आणि पाच मिनिटांत सापडण्यासारखी होती. आजच्या लेखात तीच सांगतो. रिझ्युमेपासून इंटरव्ह्यूपर्यंत मी काय काय चुकलो आणि काय बदलल्यावर काम झालं, ते सगळं क्रमाने बघू.

पहिली चूक: माझा रिझ्युमे म्हणजे फोटो होता

माझी मावसबहीण पुण्यात एका कंपनीच्या एचआर विभागात आहे. लाजत लाजत तिला म्हटलं, "ताई, जरा माझा रिझ्युमे बघशील का?" तिने दहा मिनिटांत फोन केला.

"अरे, हा रिझ्युमे नाही, हा फोटो आहे."

झालं असं होतं, की मी सायबर कॅफेतून रिझ्युमेची प्रिंट काढली होती, ती स्कॅनर अ‍ॅपने स्कॅन केली आणि पीडीएफ बनवून तीच सगळीकडे पाठवत होतो. दिसायला ती व्यवस्थित दिसायची. पण त्या पीडीएफमध्ये एकही "अक्षर" नव्हतं. होतं ते फक्त अक्षरांचं चित्र.

यामुळे काय बिघडतं? बऱ्याच कंपन्या आणि जॉब पोर्टल अर्ज गोळा करायला सॉफ्टवेअर वापरतात. त्याला एटीएस म्हणतात. हे सॉफ्टवेअर तुमच्या फाईलमधून नाव, फोन नंबर, शिक्षण, अनुभव वेगळं काढून साठवतं. मग एचआरमधला माणूस त्यात "टॅली", "जीएसटी", "स्टोअर" असे शब्द टाकून शोधतो. ज्यांच्या रिझ्युमेत ते शब्द सापडतात, ते वर येतात. माझ्या फाईलमध्ये वाचता येण्यासारखं काहीच नसेल तर मी शोधात येणार कसा? मला कोणी नापास केलंच नव्हतं, बऱ्याच ठिकाणी मी कोणाला दिसलोच नव्हतो.

तुमचा रिझ्युमे फोटो आहे का, हे आत्ताच तपासा:

१. पीडीएफ उघडा आणि दोन बोटांनी भरपूर झूम करा. अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या, धूसर दिसल्या तर ते चित्र आहे. खरी अक्षरं कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात.

२. सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोट्स अ‍ॅपमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही तर फाईल चित्र आहे. मजकूर आला पण शिक्षणाच्या ओळी अनुभवात मिसळल्या, फोन नंबर तुटला, तर मांडणी चुकली आहे.

दुसऱ्या प्रकारची चूक सुंदर टेम्प्लेटमुळे होते. डावीकडे रंगीत पट्टी, दोन कॉलम, "कौशल्य ८०%" दाखवणारे गोल, चौकटी वगैरे. माणसाला ते छान दिसतं, पण सॉफ्टवेअरला त्यात कुठून कुठे वाचायचं हे नीट कळत नाही. आणि खरं सांगा, "एक्सेल ८०%" म्हणजे नक्की काय?

मोबाईलवर साधा, चांगला रिझ्युमे कसा बनवायचा?

गुगल डॉक्स अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात सगळं होतं. नवीन डॉक्युमेंट उघडा. एकच कॉलम ठेवा, साधा फॉन्ट, काळी अक्षरं. फ्रेशर असाल तर एक पान पुरे. क्रम असा ठेवा:

नाव, मोबाईल नंबर, ईमेल, गाव किंवा शहर
दोन ओळींत ओळख: कोण आहात, कोणतं काम येतं, कोणत्या पदासाठी अर्ज आहे
कामाचा अनुभव
येणारी कौशल्यं
शिक्षण

झालं की तीन टिंबांवर टॅप करून शेअर आणि एक्स्पोर्टमध्ये जा आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करू नका! फाईलचं नावही नीट द्या. माझ्या फाईलचं नाव "सीव्ही न्यू फायनल २" होतं. समोरच्याकडे अशा दोनशे फाईली असतील तर त्यातली माझी कोणती? तुमचं नाव, आडनाव आणि पदाचं नाव, एवढं पुरे.

जाहिरात मराठीत असेल आणि मराठीत अर्ज मागितला असेल, तर मोबाईलच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवरच टाइप करा. तो युनिकोड असतो, त्यामुळे कुठल्याही फोनवर नीट दिसतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली वर्ड फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती विचित्र चिन्हं दिसू शकतात.

आणखी एक. रिझ्युमेत आधार नंबर, पॅन नंबर, बँकेचे तपशील लिहू नका. अर्जाच्या टप्प्यावर त्यांची गरज नसते. नंतर ओळखपत्राची प्रत मागितली, तर मास्क्ड आधार चालेल का विचारा. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. मार्कशीटसाठी डिजिलॉकर बघा. तुमच्या बोर्डाची किंवा विद्यापीठाची मार्कशीट तिथे मिळत असेल, तर ती आधीच काढून ठेवा.

दुसरी चूक: "अनुभव नाही" असं मी स्वतःच लिहिलं होतं

फाईल दुरुस्त करून पाठवल्यावर ताईने विचारलं, "अनुभवाच्या जागी फ्रेशर का लिहिलंस? मामांच्या दुकानात तीन वर्षं कोण बसत होतं?"

माझ्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. कॉलेज सुटलं की मी तिथे असायचो. खतं, बियाणं, औषधं यांचं स्टॉक रजिस्टर मीच लिहायचो. पण मला वाटायचं, घरचं दुकान म्हणजे काय अनुभव असतो का? पगार नाही, लेटर नाही.

मित्रांनो, इथेच आपल्यातले बहुतेक जण चुकतात. तुमच्याकडे लेटर आहे की नाही, हे पुढचं. आधी एचआरला कळायला हवं की तुम्ही कोणतं काम केलंय आणि ते जमतं का. गणेश मंडळाचा हिशोब ठेवलात, कॉलेजच्या कार्यक्रमात १५० जणांची नोंदणी सांभाळलीत, दूध डेअरीत फॅट लिहिलंत, आयटीआयमध्ये मशीन दुरुस्त केलंत, हे सगळं काम आहे. फक्त ते मोजून लिहायचं.

मी मामांना विचारलं, "मामा, आपल्या किती बाटल्या मुदत संपून पडल्या होत्या हो?"

"रजिस्टर बघ की. मला काय पाठ आहे होय?"

बघितलं. मी बसायला लागलो त्या वर्षी औषधांच्या २२ बाटल्या मुदत संपून वेगळ्या काढाव्या लागल्या होत्या. पुढच्या वर्षी मी रजिस्टरमध्ये एक्स्पायरीचा वेगळा रकाना आखला आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढच्या फळीवर लावायला लागलो. त्या वर्षी ५ बाटल्या उरल्या.

आता आधीची ओळ आणि नंतरची ओळ बघा.

आधी: "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड. अनुभव: फ्रेशर."

नंतर: "कृषी सेवा केंद्रात ३ वर्षं अर्धवेळ काम. सुमारे ३०० वस्तूंचं स्टॉक रजिस्टर सांभाळलं. एक्स्पायरीनुसार माल लावण्याची पद्धत सुरू केली. मुदत संपलेल्या बाटल्या एका वर्षात २२ वरून ५ वर आल्या."

माणूस तोच, पण दुसऱ्या ओळीत पुरावा आहे. मेहनती तर सगळेच लिहितात.

मात्र आकडे खरेच हवेत. आठवत नसेल तर वही बघा, विचारा. तेही जमलं नाही तर आकडा न लिहिता काम लिहा. खोटा आकडा इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. ते कसं, हे पुढे सांगतोच.

अर्ज पाठवण्याआधी फोन तयार करा

एचआरचा पहिला संपर्क तुमच्या फोनशी होतो. म्हणून हे बघून घ्या:

ईमेल आयडी: माझा आयडी दहावीत काढलेला होता, त्यात "किंग" आणि "९६" होतं. नाव-आडनावाचा नवीन काढा.
कॉलर ट्यून: समोरचा माणूस ती ऐकत थांबतो. काढून टाकलेली बरी.
ट्रूकॉलरवरचं नाव: मित्राने तुमचा नंबर "बाळ्या डीजे" म्हणून सेव्ह केला असेल तर एचआरलाही तेच दिसू शकतं. स्वतःच्या प्रोफाइलमध्ये खरं नाव टाका.
व्हॉट्सअ‍ॅप डीपी: बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवरच इंटरव्ह्यूचा पत्ता पाठवतात. साधा, चेहरा दिसणारा फोटो ठेवा.
स्पॅम फोल्डर: रोज एकदा बघा. इंटरव्ह्यूची ईमेल तिथे जाऊन पडू शकते.

ईमेल पाठवताना विषयाची ओळ रिकामी सोडू नका. "स्टोअर असिस्टंट पदासाठी अर्ज" आणि तुमचं नाव, एवढं लिहा. आत चार-पाच ओळी पुरे: जाहिरात कुठे पाहिली, त्या पदाला लागणारं कोणतं काम तुम्ही केलंय, कधी रुजू होऊ शकता आणि फोन नंबर. जाहिरातीत "स्टॉक रजिस्टर" शब्द असेल आणि ते काम तुम्ही केलं असेल, तर रिझ्युमेतही तोच शब्द वापरा. शोधताना तोच शब्द टाकला जाणार.

एकच रिझ्युमे शंभर ठिकाणी फेकण्यापेक्षा दहा ठिकाणी जाहिरात वाचून थोडा बदलून पाठवा. कुठे पाठवलं, कधी पाठवलं, हे गुगल शीट्समध्ये लिहून ठेवा. नाहीतर फोन आल्यावर "कुठली कंपनी म्हणालात?" असं विचारायची वेळ येते. मी विचारलंय, म्हणून सांगतो.

नोकऱ्या शोधायला खाजगी पोर्टल आहेतच, पण केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महाराष्ट्र सरकारचं महास्वयम हेही बघा. दोन्हीकडे नोंदणी मोफत आहे.

पैसे मागितले की थांबा

त्या दोन फोनांपैकी एक फी मागणारा होता, असं वर म्हटलं. मी वाचलो, कारण तेव्हा खात्यात पैसेच नव्हते. माझा एक मित्र मात्र २,५०० रुपये भरून बसला. युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे म्हणून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

लक्षात ठेवा: नोकरी देण्याआधी फी, डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे मागितले की तिथेच थांबायचं. पगाराचं खातं तपासतो म्हणून ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला तरी द्यायचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कंपनी खरी आहे का हे बघायला तिची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या नंबरवर फोन करून विचारा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

तिसरी चूक: येत नाही ते लिहिलं

नवीन रिझ्युमे ११ ठिकाणी पाठवला आणि ४ फोन आले. मी हवेत! पहिला इंटरव्ह्यू भोसरीत होता. कौशल्यांमध्ये मी "एक्सेल" लिहिलं होतं, कारण सगळेच लिहितात. समोरच्या मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "या दोन शीट आहेत. व्हीलूकअप लावून दर आणा बरं."

मला काही येईना. आयुष्यात लॅपटॉपवर एक्सेल उघडलंच नव्हतं. दोन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "लिहायचं नव्हतं ना मग." परतीच्या एसटीत हेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

त्यानंतर तीन आठवडे मी मोबाईलवर गुगल शीट्स घेऊन बसलो. एका शीटमध्ये मामांच्या दुकानातला माल, दुसऱ्यात दर. व्हीलूकअप, सम-इफ, फिल्टर, एवढंच, पण रोज. फोनच्या छोट्या स्क्रीनवर त्रास होतो, तरी सूत्रं तीच असतात. आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत एक तास घेऊन तेच कीबोर्डवर केलं.

माझा नियम आता सोपा आहे. जे समोर करून दाखवता येईल तेवढंच कौशल्यांत लिहायचं. शिकत असाल तर "शिकतो आहे" असं लिहा, त्यात कमीपणा नाही.

मोबाईलवर व्हिडिओ इंटरव्ह्यू

चाकणच्या एका गोदामाची पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर झाली. त्यासाठी केलेली तयारी:

फोन हातात धरला नाही. डब्यांवर डबे ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणला.
खिडकी पाठीमागे नाही, समोर. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो.
मीटिंगचं अ‍ॅप आदल्या दिवशी टाकून मित्राबरोबर चाचणी घेतली. अ‍ॅपमध्ये माझं नाव फोनच्या मॉडेलचं दिसत होतं, ते बदललं.
डू नॉट डिस्टर्ब सुरू केलं, फोन पूर्ण चार्ज केला, वायरवाले इअरफोन लावले.
घरात सांगून ठेवलं. तरी मध्ये कुकरची शिट्टी झालीच. "सॉरी सर" म्हटलं आणि पुढे बोललो. एवढ्याने काही बिघडत नाही.
लाईट जाईल म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट शेजारी तयार ठेवला.

प्रश्नांची तयारी कशी करायची?

"स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न येणारच. आपण सुरू करतो, "माझं नाव अमुक, घरी आई-वडील, एक बहीण, छंद क्रिकेट." हे चुकीचं नाही, पण समोरच्याला कामाचा माणूस हवाय. एका मिनिटात तीन गोष्टी सांगा: सध्या काय करता, या कामाशी जुळणारं काय केलंय, आणि हीच नोकरी का हवी.

"एखादी अडचण कशी सोडवली?" अशा प्रश्नांना स्टार नावाची पद्धत उपयोगी पडते. चार पायऱ्या: परिस्थिती काय होती, तुमची जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलं, परिणाम काय झाला. अशा तीन खऱ्या गोष्टी तयार ठेवा. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा एका मिनिटात चौदा वेळा "म्हणजे" म्हणत होतो.

इंग्रजी अडलं तर गप्प बसू नका. "सर, हे मी हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असं सरळ विचारा. कामात सतत इंग्रजी लागणार असेल तर ते तसं सांगतील, नाहीतर चालतं.

पगार विचारला तर सीटीसी आणि हातात येणारा पगार यातला फरक माहीत हवा. समजा सीटीसी वर्षाला ३ लाख आहे, म्हणजे महिना २५,००० आणि मूळ पगार १२,५००. त्या २५,००० मध्ये बहुतेकदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो. मूळ पगाराच्या १२ टक्के म्हणजे १,५००. तेवढाच तुमच्या वाट्याचा कापला जातो. म्हणजे २२,००० झाले. त्यात ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर वगैरे असेल तर आणखी कमी. म्हणून "हातात साधारण किती येईल?" असं नम्रपणे विचारा. हा हक्काचा प्रश्न आहे.

शेवटी काय झालं?

चाकणला प्रत्यक्ष बोलावलं. साहेबांनी रिझ्युमेवर बोट ठेवलं, "हे २२ वरून ५ कसं केलं?"

मी सांगितलं. रकाना कसा आखला, जुना माल पुढे का लावला, आणि एका कंपनीच्या औषधाच्या ५ बाटल्या तरी का राहिल्या, तेही. त्या वर्षी पाऊस लांबला, ते औषध कोणी घेतलंच नाही.

ते हसले. म्हणाले, "आमच्याकडे पण हेच दुखणं आहे, फक्त बाटल्या जास्त आहेत." मग एक्सेलवर व्हीलूकअप करायला दिलं. या वेळी हात थरथरत होते, पण जमलं.

चार दिवसांनी फोन आला तेव्हा मी मामांच्या दुकानातच होतो. पगार फार मोठा नव्हता. पण संध्याकाळी वडिलांनी काही विचारायच्या आत मीच सांगितलं, "आला फोन."

तर मित्रांनो, आज एवढंच करा. तुमचा रिझ्युमे फोनवर उघडा, झूम करून बघा, कॉपी-पेस्ट करून बघा. आणि मग एका कागदावर तुम्ही केलेली तीन खरी कामं लिहा, जिथे पगार मिळाला नाही तीसुद्धा. माझी नोकरी त्याच रजिस्टरमध्ये होती आणि मी तिला आठ महिने "अनुभव नाही" म्हणत होतो.